शिकवणाऱ्या कामगाराला मान कसा द्यायचा: रोख, सत्कार, ग्रेड की टार्गेटमध्ये सूट?

कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तुमची फौंड्री किंवा मशीन शॉप असेल, शंभर-दीडशे माणसं असतील, तर हा विषय कधी ना कधी मीटिंगमध्ये निघतोच, की नवीन पोरांना जी जुनी माणसं मनापासून काम शिकवतात त्यांच्यासाठी कंपनीनं काहीतरी केलं पाहिजे. मग मालक म्हणतात रोख द्या आणि विषय संपवा, एचआरवाले म्हणतात बेस्ट मेंटॉर अवॉर्ड सुरू करू, प्रॉडक्शनवाले म्हणतात आधी डिस्पॅच निघू दे मग बघू. मी बरीच वर्षं एमआयडीसीत पर्सोनेलचं काम करतोय आणि हे चारी प्रकार कुठं ना कुठं जवळून बघितलेत, म्हणून ज्यांना आता ठरवायचंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते तपासून बघता येईल. शिकवणाऱ्या माणसाचं शिकवण्यामुळं होणारं नुकसान आधी थांबवा, बाकी बक्षीस, फेटा, शाल सगळं त्याच्यानंतर. हे नुकसान नेमकं कसं होतं ते ऑफिसमध्ये बसून दिसत नाही. सीएनसीवरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरचा एक चांगला ऑपरेटर धरा, शिफ्टला 90 जॉब (पार्ट) काढतो आणि 80 च्या वर त्याला इन्सेंटिव्ह आहे. त्याच्या शेजारी आयटीआयचं नवीन पोरगं उभं केलं, आता ऑफसेट कसा द्यायचा, इन्सर्ट कधी बदलायचा, मायक्रोमीटर किती दाबायचा हे सांगता सांगता त्याचे जॉब 70 वर येतात, म्हणजे त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला, वर पोरानं दोन जॉब अंडरसाइज केले तर रिजेक्शन ह्याच्याच मशीनच्या नावावर. फौंड्रीत तर अजून अवघड, वाळू मुठीत दाबून बघून ओलावा कळणं, लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) कुठल्या उंचीवरून आणि किती वेगानं ओतायचं, स्लॅग (वर तरंगणारा मळ) कसा अडवायचा, हे कागदावर लिहून येत नाही, शेजारी उभं राहून दाखवावंच लागतं. हा माणूस स्वतःच्या खिशातून शिकवतोय आणि आपण वर्षाच्या शेवटी त्याला ट्रॉफी देतोय.

टार्गेटमध्ये सूट आणि रोख रक्कम, ह्या दोनमध्ये

सूट म्हणजे काय तर ज्या काळात नवीन माणूस त्याच्याकडं दिलाय त्या काळापुरतं टार्गेट कमी धरायचं, किंवा मागच्या तीन महिन्यांचा सरासरी इन्सेंटिव्ह जसाच्या तसा चालू ठेवायचा, आणि शिकाऊ पोराच्या रिजेक्शनचा हिशोब वेगळा मांडायचा. दिसायला हे काहीच नाही, फोटो निघत नाही, पेपरात बातमी येत नाही, पण शॉपफ्लोअरवर ह्याचा परिणाम सगळ्यात लवकर दिसतो कारण शिकवताना माणसाचं अर्धं लक्ष काउंटरवर राहत नाही. वेळ आणि पैसा दोन्ही ह्याच्यात आले. अडचण एकच, प्रॉडक्शन मॅनेजर ह्याला मनापासून तयार होत नाही. त्याच्या टार्गेटमध्येसुद्धा तेवढी सूट वरून दिली नाही तर तो कागदावर हो म्हणतो आणि शिफ्टमध्ये सुपरवायझरकडून आकडा काढूनच घेतो. म्हणून हा पर्याय निवडायचा तर मालकानं स्वतः प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये सांगायला पाहिजे, एचआरच्या सर्क्युलरनं हे होत नाही.

रोखीचं तसं नाही, ती लगेच सुरू करता येते आणि सगळ्यांना कळते. ती पण दोन प्रकारे देतात. एक म्हणजे दर माणसामागं ठराविक रक्कम, पोरगं तयार झालं की एवढे रुपये. दुसरं म्हणजे दर महिन्याला शिकवण्याचा भत्ता. दर माणसामागं दिलं की माणसं घाई करतात, फॉर्मवर सही करून पोराला मशीनवर सोडून मोकळे, आणि एकेकाळी जो माणूस कुणी न सांगता दुसऱ्या लाइनवरच्या पोराला सुद्धा चार गोष्टी सांगायचा तो आता म्हणतो, त्यो माझ्या यादीत न्हाई. ही नुसती आपल्याकडची गोष्ट नाही, 1971 साली अमेरिकेत एडवर्ड डेसी नावाच्या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली होती, मधल्या टप्प्यात काहींना पैसे दिले आणि नंतर पैसे बंद केले, तर त्या मुलांचं मोकळ्या वेळात कोड्यांकडं वळणं कमी झालं. आता कॉलेजची मुलं आणि संसार असलेला कामगार एक नव्हे हे मलाही कळतं, घरचा हप्ता असलेल्या माणसाला पैसे नकोत असं कुणी म्हणू नये, पण पैसे ज्या गोष्टीला बांधाल तेवढीच गोष्ट होते हे मात्र खरं.

त्यामुळं रोख द्यायचीच तर महिन्याचा छोटा भत्ता द्या आणि एक मोठा हप्ता नंतरचा ठेवा, पोरगं स्वतंत्रपणे मशीन चालवायला लागल्यावर आणि तीन महिने टिकल्यावर. टिकण्याची अट महत्त्वाची, कारण नवीन पोरं काम अवघड म्हणून जेवढी सोडून जातात तेवढीच कुणी नीट बोललं नाही म्हणूनही जातात, आणि चांगला शिकवणारा असेल तर दुसरं कारण उरत नाही. भत्ता सुरू करायच्या आधी पीएफ, ईएसआय आणि टॅक्सचं तुमच्या कन्सल्टंटशी बोलून घ्या. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं पीएफबद्दल निकाल दिला होता की सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते मूळ पगारातच धरायचे, जादा कामासाठी ठराविक लोकांनाच मिळणारी रक्कम वेगळी, त्यामुळं हा भत्ता कुणाला आणि कशासाठी हे लेखी पाहिजे. युनियन असेल तर करारातच घाला, एकदा चालू केलेला भत्ता मग मनात आलं म्हणून बंद करता येत नाही.

दोन्हीपैकी एकच परवडत असेल तर मी सूट निवडीन. दोन्ही जमत असेल तर आधी सूट, मग भत्ता.

सत्कार, सर्टिफिकेट, अवॉर्ड

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त बिघडणारा प्रकार हाच. वर्षातून एक बेस्ट मेंटॉर निवडायचा म्हटलं की एक माणूस खूश आणि बाकीचे आठ-दहा शिकवणारे नाराज, आणि निवड साहेबांनी केली असेल तर कँटीनमध्ये काय बोललं जातं ते तुम्हाला माहितीच आहे. अमेरिकेतल्या एका इंडस्ट्रियल लॉन्ड्रीचा अभ्यास 2016 मध्ये छापून आलाय, तिथं हजेरीसाठी अवॉर्ड ठेवलं तर काही लोकांनी अवॉर्डच्या अटीत बसेल एवढीच वेळ पाळली, आणि जे आधीपासून मनानं वेळेवर येत होते त्यांचाच हुरूप उतरला. आपल्याकडं शिकवणाऱ्यांमध्ये अशी मनानं करणारी माणसंच जास्त असतात, म्हणून मला एकट्याला देण्याच्या अवॉर्डची भीती वाटते.

पण सत्कार टाकून द्यायची गोष्ट नाही, तो करायची पद्धत बदलली पाहिजे, आणि ती पद्धत कोल्हापूरला बाहेरून आणायची गरज नाही. खासबागेत कुस्ती लागते तेव्हा मल्लाच्या नावाबरोबर तालीम पुकारतात, गंगावेसचा, मोतीबागचा, शाहूपुरीचा, आणि अमक्या वस्तादांचा पठ्ठा म्हणून पुकारतात, कुस्ती पोरानं मारली तरी मान वस्तादाला जातोच आणि त्यात दुसऱ्या वस्तादाचं काही कमी होत नाही. कारखान्यात हेच करायचं. पोरगं ट्रेड टेस्ट पास झालं, ट्रेनी ऑपरेटर झाला, पहिल्यांदा एकट्यानं सेटिंग करून फर्स्ट पीस ओके काढला, की सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्याचं नाव घेताना त्याला कुणी तयार केलं ते नाव पण घ्यायचं, आणि बोर्डावर दोन्ही नावं लिहायची. ह्याला एक रुपया लागत नाही, वर्षातून कितीही जणांचं होऊ शकतं, आणि मान खोटा नाही हे समोर दिसतं कारण पोरगं तिथंच मशीनवर उभं असतं. शाल-श्रीफळ द्यायचंच असेल तर खंडेनवमीला मशीनची पूजा होते, सगळे जमलेले असतात, काहींच्या घरची माणसं पण येतात, त्या दिवशी द्या. भेटवस्तू रोखीपेक्षा बरी, तिला टॅक्समध्ये ठराविक मर्यादेपर्यंत सूट असते, रोख भेटीला तशी नसते.

ग्रेड किंवा पद

ज्यांची नोकरी दहा-पंधरा वर्षं झालीय त्यांच्यासाठी हा पर्याय बाकी सगळ्यांपेक्षा वरचा आहे. लाइन ट्रेनर म्हणा, सीनियर ऑपरेटर म्हणा, पण ग्रेड वाढली की पगार कायमचा वाढतो, पुढं बोनस-ग्रॅच्युइटीला धरला जातो आणि घरी सांगायला एक पद होतं. आणखी एक गोष्ट ह्यानंच सुटते, जी कुणी उघड बोलत नाही. जुन्या कामगाराच्या मनात असतं की ह्यो पोरगा शिकला की कमी पगारात माझ्याच जागेवर येणार, मग मी कशाला सगळं सांगू, आणि मग तो ऐंशी टक्के शिकवतो, शेवटची खुबी स्वतःकडं ठेवतो. पाच हजाराचं बक्षीस दिलं म्हणून ही भीती जात नाही. शिकवलं की आपण वरच्या जागेवर जातो हे दोन-तीन माणसांच्या बाबतीत डोळ्यांनी दिसलं की जाते.

धोका असा की चांगला शिकवणारा म्हणून त्याला थेट सुपरवायझर करतात. हे करू नका. शिकवणाऱ्याला पोरं चुका दाखवायला येतात, सुपरवायझरपासून चुका लपवतात, एकाच माणसाला दोन्ही करायला लावलं की शिकवणं संपतं. पद शिकवण्याचंच ठेवा. खर्च कायमचा आहे म्हणून वर्षाला एक-दोनच जागा काढता येतील हेही खरं, त्यामुळं हा पर्याय एकट्यानं पुरत नाही.

आता निवड कुणी करायची. साहेबांची शिफारस, कामगारांचं मतदान की रेकॉर्ड, तर साहेबाला समोर बोलणारा माणूस दिसतो, मतदानात गट आणि गाव येतं, रेकॉर्डवरचं नाव खरं असतंच असं नाही, त्यामुळं मी वेगळ्याच गोष्टीवर विश्वास ठेवतो. वर्षभरात लागलेल्या प्रत्येक पोराला एकट्याला बसवून एकच विचारा, तुला काम खरं कुणी शिकवलं? कागदावर ज्याचं नाव असतं ते नाव बऱ्याचदा येत नाही. परत परत तीच दोन-तीन नावं येतात आणि त्यात एखादा कंत्राटी माणूस किंवा कोअर शॉपमधल्या एखाद्या मावशी असतात ज्यांचा विचार कुणी केलेलाच नसतो. ह्याला जोड म्हणून स्किल मॅट्रिक्स बघा, म्हणजे त्याच्या हाताखालची पोरं किती मशीन स्वतंत्र चालवतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं कारखान्यातल्या मुकादमांना शिकवायला शिकवलं, आधी माणसाला तयार कर, मग दाखव, मग त्याच्याकडून करून घे, मग लक्ष ठेव, अशा चार पायऱ्या होत्या आणि पुढं जपानी कारखान्यांनी तेच उचललं. त्यातलं सूत्र असं होतं की शिकणारा शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलंच नाही. तुमचा निकष पण तोच ठेवा, किती तास ट्रेनिंग दिलं हा आकडा नको.

कंत्राटी माणसाला ग्रेड देता येत नाही, पण सूट, भत्ता आणि बोर्डावर नाव ह्यातलं काहीच अडत नाही, भत्ता कंत्राटदारामार्फत जाईल एवढंच, आणि तो त्याच्या हातात पोचतोय का हे बघायचं काम तुमचं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं दहा-पंधरा माणसांचं वर्कशॉप असेल तर वरचा एवढा पसारा नको, तिथं मालक स्वतः मिस्त्रीच्या शेजारी उभा असतो, त्याला दिसतं कोण कुणाला सांगतंय, तिथं पगारवाढीच्या वेळी स्पष्ट कारण सांगून दोन पैसे जास्त देणं आणि पोरगं काम बिघडवतंय तोवर मिस्त्रीवर न ओरडणं एवढं पुरतं. सहकारी बँक, पतसंस्था, अकाउंट्सचं ऑफिस अशा ठिकाणी इन्सेंटिव्ह पीसवर नसतो म्हणून सूट देणं वेगळ्या प्रकारे करावं लागतं, शिकवणाऱ्या ताईंचं एखादं काउंटर किंवा एखादं रजिस्टर त्या काळापुरतं दुसऱ्याकडं द्यायचं. मार्च एंडला शिकाऊ माणूस कुणाच्या गळ्यात घालू नका, बास.

आणि 30 किंवा जास्त माणसं असतील तर अ‍ॅप्रेंटिस घेणं कायद्यानंच आहे, अडीच ते पंधरा टक्के. नॅप्समध्ये, म्हणजे अ‍ॅप्रेंटिससाठीच्या केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत, सरकार त्यांच्या स्टायपेंडचा 25 टक्के वाटा देतं, जास्तीत जास्त महिना 1500 रुपये एका पोरामागं. म्हणजे पोरं येणारच आहेत आणि त्यांच्या खर्चाचा काही भाग वाचणारच आहे. हा वाचलेला पैसा शिकवणाऱ्याच्या भत्त्याला लावा, मालकाला पटवायला ह्यापेक्षा सोपा हिशोब मला सापडला नाही, वेगळं बजेट मागावंच लागत नाही. सुरुवात अवॉर्डच्या फॉर्मपासून करू नका, पुढच्या महिन्याच्या इन्सेंटिव्ह शीटमध्ये एक कॉलम वाढवा, ह्या महिन्यात ह्याच्याकडं शिकाऊ होता का, हो असेल तर इन्सेंटिव्ह मागच्या सरासरीनं, आणि पगाराच्या दिवशी त्या माणसाला बोलावून कॉलम कशाचा आहे ते सांगा.