चुला व्हिस्टातला बायकांचा हार्ट क्लास, रागाच्या सेशनसाठी तरी जाच

शेजारची मेक्सिकन मैत्रीण कधीची मागे लागलेली, चल चल म्हणून, शेवटी गेले. अमेरिकेत सॅन दिएगोच्या खाली चुला व्हिस्टात एक छोटं क्लिनिक आहे, तिथे लॅटिना, म्हणजे मेक्सिको वगैरे लॅटिन अमेरिकेकडच्या, बायकांसाठी सहा आठवड्यांचा फुकट क्लास असतो. शिकवणारी डॉक्टर नाही, वस्तीतलीच ट्रेनिंग घेतलेली बाई, तिला प्रोमोतोरा म्हणतात, आपल्या आशाताई असतात ना तसंच काहीसं.

मीठ, चालणं, कोलेस्टेरॉल वगैरे ठीकठाक. पण चौथा आठवडा रागाचा होता आणि 5 स्टार त्यालाच.

कोराहे म्हणजे राग, आणि तो गिळला की शुगर होते असं तिकडच्या जुन्या बायका मानतात. प्रोमोतोराने ते हसण्यावारी नेलं नाही, म्हणाली शुगरचं नंतर बोलू, आधी हार्टचं बघू. मग 2024 चा प्रयोग सांगितला, 280 धडधाकट लोक, काहींना 8 मिनिटं राग आलेला प्रसंग आठवायला लावला तर त्यांच्या रक्तवाहिन्या नीट मोकळ्या व्हायला 40 मिनिटांपर्यंत त्रास होत होता! आणि 2009 मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज केली तेव्हा रागीट आणि मनात कायम अढी धरणाऱ्या निरोगी लोकांत हार्टचा त्रास सुमारे 19 टक्के जास्त दिसला. एकदा चिडलं की अटॅक येतो असं नाही हेही तिने स्पष्ट सांगितलं, रोजरोजचं साठत जातं त्याची काळजी करा म्हणाली.

तेवढ्यात हॉटेलच्या खोल्या साफ करणारी एक ताई उठली, म्हणे सुपरवायझर माझे तास कापतो, मी त्याच्याबद्दल मनात चांगलं कसं आणू? सगळ्या गप्प. प्रोमोतोरा म्हणाली राग येणं ही तुझी चूक नाहीच, पण तो एकटीने पोटात घेऊन झोपू नकोस, इथे बोल. त्यांच्यात अग्वांतार म्हणतात, म्हणजे सोसणं, आणि चांगल्या बाईने सोसायचंच असतं. मला माझी आईच आठवली, आयुष्यभर बाईच्या जातीला सोसावं लागतं म्हणत आली, बीपीची गोळी सुरू झाली तरी तेच. डोळे भरून आले खरंच.

तक्रारी पण आहेत. इतका मोठा विषय आणि एकच सेशन, अजिबात पुरत नाही, ती ताई बोलती झाली आणि वेळ संपली. बीपी तर आल्याआल्या गप्पा चालू असतानाच मोजतात, खरं तर पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून मोजायला हवं, आणि जाड दंडाला छोटा पट्टा लावला की रीडिंग जास्त येतं, तेच झालं दोघींचं. मी सांगितल्यावर मोठा पट्टा आणला, हे मात्र चांगलं.

स्पॅनिश येत नसेल तर कोणालातरी सोबत न्या, भराभर बोलतात. मंगळवारी सहाला असतो, पार्किंग मागच्या गल्लीत मिळतं. मी पुढच्या बॅचला फक्त चौथ्या आठवड्यासाठी परत जाणार आहे, त्या ताईलाही यायला सांगितलंय.