जुना पीसी सुधारावा की नवा घ्यावा?

घरचा कॉम्प्युटर किती वर्षांचा झाला, एवढ्यावरून तो बदलायचं ठरवू नका. मी आधी हे बघतो: आज जे पैसे घालणार ते उद्या नव्या मशीनबरोबर पुढे जातील, की या डब्यातच संपतील?

‘फार स्लो झालाय’ ही नेहमीची तक्रार. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. सुरू केल्यावर बराच वेळ डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर अडकलेला आणि सीपीयू मात्र निवांत, असं दिसलं तर प्रोसेसरला दोष देऊ नका. बहुतेक वेळा हार्ड डिस्क अडवतेय. सलग मोठी फाइल असेल तर ती सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइल्स लागतात, वाचणारं टोक तबकडीवर इकडून तिकडे पळत राहतं आणि वेग पार कोसळतो. साटा एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी आणि साध्या हार्ड डिस्कच्याच केबलवर चालणारी डिस्क, सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते आणि तिच्यात हलणारं काही नसतंच. ती उद्या नव्या पीसीतही बहुधा बसते, म्हणून हा खर्च बिनधास्त करा.

रॅमचं तसं नाही. २०१५च्या आसपासच्या बऱ्याच पीसींमध्ये डीडीआर३ या जुन्या पिढीची रॅम आहे. तिची खाच वेगळ्या जागी असते, डीडीआर४ किंवा डीडीआर५च्या बोर्डात ती बसत नाही. ४ जीबीची ८ करायचीच असेल तर सेकंडहँड, स्वस्तात मिळाली तरच.

आता खरा पेच. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नोंदणी केली तर घरगुती पीसीला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आय-५ ७४०० म्हणजे सातवी पिढी, आय-५ ८४०० म्हणजे आठवी. इथेच रेघ पडते. आठवी किंवा पुढची असूनही ‘चालणार नाही’ असा मेसेज आला तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, टीपीएम बंद आहे का बघा. इंटेलमध्ये ते पीटीटी नावाने असतं, एएमडीमध्ये एफटीपीएम. ते चालू केल्यावर सुटणाऱ्या अडचणीपायी पीसी भंगारात काढू नका.

प्रोसेसर सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीचा असेल तर ब्राउझर, यूट्यूब, पत्रव्यवहार एवढ्यासाठी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम छान चालते. घरात टॅली किंवा श्रीलिपीवर काम होत असेल तर मात्र तो मार्ग सोयीचा नाही. अट चुकवून विंडोज ११ टाकून देणारे भेटतात. पुढच्या अपडेटची हमी नसलेल्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बिघाडाचं थोडक्यात. तारीख-वेळ सारखी मागे जाते? मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल बदला. उन्हाळ्यात आपोआप बंद पडतो? आधी पंख्यातली धूळ काढा, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदला. मदरबोर्डच गेला असेल तर थांबा. डीडीआर३च्या काळचाच बोर्ड शोधावा लागणार, आणि तो घेऊन तुम्ही पुन्हा डीडीआर३वरच अडकणार.

बदलायचंच ठरलं तर नवा की रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकलेला? अभियांत्रिकीचं ऑटोकॅड, व्हिडिओ एडिटिंग, गेम्स असतील तर नवा, रॅमचा एक स्लॉट रिकामा ठेवून. २०२५च्या अखेरीपासून रॅम महागल्याने नव्याचं बजेट वाढवावं लागतं. बाकी घरगुती कामाला ऑफिसांतून निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स, लेनोवोचे थिंकसेंटर मला जास्त पटतात, मजबूत असतात. मात्र मुंबईत कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, दुकानदार ‘आय-फाइव्ह आहे’ म्हणाला की ‘कितव्या जनरेशनचा?’ हे विचाराच. चौथ्या-सहाव्या पिढीचे स्वस्त डबे याच नावाने विकले जातात, आणि ते घेतलेत तर विंडोज ११चा पेच घरी तसाच परत येतो. छोट्या डब्यांत मोठं ग्राफिक्स कार्ड मावत नाही, हेही धरून चला.

जुना पीसी देण्याआधी त्यातली डिस्क काढून ठेवा. यूएसबी केसिंगमध्ये घातली की फोटो हाताशी राहतात. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या मराठी फाइल्स असतील तर मशीन चालू आहे तोवरच त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या.