बायोस अपडेट अर्ध्यात अडकला, बोर्ड बंद पडला: सीएच३४१ए प्रोग्रामर आणि क्लिप वापरून आलेला अनुभव

ज्यांचा मदरबोर्ड आत्ताच बायोस (कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) अपडेट करताना गेलाय आणि जे घाबरून इकडेतिकडे शोधतायत त्यांना आधीच सांगते, बोर्ड टाकून देऊ नका, बहुतेक वेळा तो मेलेला नसतो. बोर्डावर करंगळीच्या नखापेक्षाही लहान अशी आठ पायांची एक चिप असते, बायोस तिच्यात असतो आणि बिघडलेलं असतं ते फक्त तिच्यातलं लिखाण. बाकी प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळं ठणठणीत असतं.

माझं झालं असं की नवीन प्रोसेसर टाकायचा होता म्हणून अपडेट लावला, पट्टी निम्म्याच्या थोडी पुढे गेली आणि लाइट गेली. परत चालू केला तर पंखे जोरात फिरतायत, स्क्रीन काळी, कीबोर्डचा दिवासुद्धा लागत नाही. सेल काढून ठेवला, क्लिअर सीमॉसचा (सेटिंग पुसायचा) जंपर शॉर्ट केला, एकच रॅम लावून बघितली, काही फरक नाही. फरक पडणारच नव्हता, कारण सेल काढल्याने सेटिंग पुसल्या जातात, चिपमधला प्रोग्रॅम आहे तसाच राहतो. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर चिपचं नावही न काढता सरळ बोर्ड बदला म्हणाले, याचा मला खरंच राग आला.

प्रोग्रामर, म्हणजे चिपमध्ये बाहेरून लिहायचं उपकरण, मागवायच्या आधी एक नक्की बघा, तुमच्या बोर्डाला मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटन आहे का. एसुसकडे बायोस फ्लॅशबॅक, एमएसआयकडे फ्लॅश बायोस बटन, गिगाबाइटकडे क्यू-फ्लॅश प्लस अशी नावं आहेत. फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर कंपनीने सांगितलेल्या नावाने फाइल टाकायची, ठरलेल्या पोर्टमध्ये लावायची आणि बटन दाबायचं, प्रोसेसर-रॅम बसवलेले नसले तरी काम होतं. माझ्या बोर्डाला ते बटन नव्हतं, म्हणून हा प्रोग्रामर घेतला.

आता सीएच३४१ए प्रोग्रामरबद्दल. छोटा काळा बोर्ड, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला खटका असलेलं हिरवं सॉकेट, सोबत आठ पायांची क्लिप आणि तिची पट्टीसारखी वायर. बोर्डावरचा जंपर १-२ वर असला तर तो प्रोग्रामर म्हणून चालतो, २-३ वर असला तर सिरियल पोर्ट होतो, त्यामुळे कॉम्प्युटरला प्रोग्रामर दिसतच नसेल तर पहिला तो बघा. फ्लॅशरॉमला (चिप वाचायचा-लिहायचा प्रोग्रॅम) हा लगेच ओळखू येतो, ड्रायव्हरची भानगड लिनक्सवर तरी करावी लागली नाही.

मोठी तक्रार व्होल्टेजची आहे आणि ही प्रत्येकाने वाचावी. चिपला सप्लाय ३.३ व्होल्टचा बरोबर मिळतो, पण मी मीटर लावला तर डेटाच्या पायांवर जवळपास ५ व्होल्ट आले, कारण प्रोग्रामरवरची मुख्य आयसी (चिप) ५ वर चालवलीये. ३.३ व्होल्टच्या फ्लॅश चिपला ५ व्होल्ट देणं तिच्या मर्यादेबाहेर आहे, कित्येकांचं तसंच वापरून काम होतं तरी मला ती रिस्क नको होती. मग एका मैत्रिणीकडून त्या आयसीचा सप्लायचा पाय उचलून ३.३ ला जोडून घेतला, परत मोजलं, ३.३ आले, तेव्हाच क्लिप लावली. काही नव्या प्रोग्रामरवर व्होल्टेज निवडायचा स्विच येतो, मिळाला तर तोच घ्या. आणि चिपचा नंबर भिंगाखाली नीट वाचा. विनबाँडची २५क्यू१२८ एफव्ही ३.३ व्होल्टची आहे आणि २५क्यू१२८ एफडब्ल्यू १.८ व्होल्टची, एका अक्षराचा फरक, पण दुसरीला १.८ चा अडॅप्टर लावल्याशिवाय हात लावायचा नाही.

क्लिपबद्दल चांगलं लिहिण्यासारखं काही नाही. पॉवर सप्लायची वायर पूर्ण काढली, सेल काढला, चिपवरचा बारीक ठिपका म्हणजे एक नंबरचा पाय, त्याच्यावर क्लिपची लाल वायर आली पाहिजे. भावाने मोबाइलचा टॉर्च धरला आणि मी क्लिप लावली, तर आयडी (चिप स्वतःची ओळख म्हणून देते तो नंबर) आला एफएफ एफएफ एफएफ. म्हणजे क्लिप टेकलेलीच नाही. काढली, परत लावली, ००. अर्धा तास हेच चाललं. शेवटी चिपचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, क्लिप सरळ वरून दाबून हळूच सोडली, तेव्हा कुठे ईएफ ४० १८ आलं, म्हणजे विनबाँड, १६ एमबी. त्यानंतर भावाला म्हटलं आता टेबलाला धक्का लावू नकोस.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, आयडी आला की लगेच राइट करायचं नाही. आधी रीड करा, दोनदा करा, दोन्ही फाइलचा हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला आकडा) जुळतोय का बघा. माझ्या पहिल्या दोन रीड जुळल्या नाहीत, क्लिप परत बसवली मग जुळल्या. समजा मी तशीच लिहायला बसले असते तर त्याच डळमळत्या कनेक्शनवर लिहिलं गेलं असतं. शिवाय जुन्या डंपमध्ये, म्हणजे रीड करून मिळालेल्या फाइलमध्ये, बोर्डाचा सिरियल नंबर असतो, बऱ्याच बोर्डांवर नेटवर्कचा मॅक अ‍ॅड्रेस असतो, लॅपटॉप असेल तर विंडोजची कीसुद्धा असते, हे कंपनीच्या साइटवरच्या फाइलमध्ये नसतं. तो डंप पुसला गेला की परत कुठूनही मिळणार नाही.

डंप हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडला तेव्हा नेमकं काय झालं ते डोळ्यांनी दिसलं. सुरुवातीचा भाग नवीन बायोसचा, मग एक सलग पट्टा नुसता एफएफ एफएफ एफएफ, आणि त्याच्या पुढे जुनाच बायोस. या चिपमध्ये लिहिताना १ चा ० करता येतो, ० चा १ करायला पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो, आणि पुसलेला ब्लॉक म्हणजे सगळे एफएफ. लाइट गेली त्या क्षणी जो ब्लॉक पुसून झाला होता आणि लिहायचा राहिला होता तो तिथे तसाच होता. बघून मला फार बरं वाटलं, कारण बोर्डाला काहीही झालेलं नाही याची खात्री तिथेच पटली.

फाइलमध्येही एक अडचण आहे. १६ एमबी चिप म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट्स, आणि डाउनलोड केलेली फाइल निघाली १,६७,७९,२६४ ची. जास्तीचे २०४८ बाइट्स म्हणजे पुढे जोडलेला हेडर, तो अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी असतो, चिपमध्ये जायला नको. यूईएफआयटूलने (बायोसच्या फाइल उघडायचा प्रोग्रॅम) आतला भाग वेगळा काढला, जुन्या डंपमधला मॅक अ‍ॅड्रेस असलेला नेटवर्कचा पूर्ण भाग नव्या फाइलमध्ये त्याच जागी टाकला आणि मग राइट लावलं. हा प्रोग्रामर स्लो आहे, पुसणं, लिहिणं, परत वाचून ताडून बघणं यात बरीच मिनिटं जातात, तेवढा वेळ क्लिपपासून लांब राहायचं. शेवटी व्हेरिफाइड आलं.

क्लिप काढली, सेल लावला, चालू केला. आपोआप दोनदा रीस्टार्ट झाला, बराच वेळ काळी स्क्रीन. इथे घाईने बटन दाबून बंद करू नका, नवीन बायोस पहिल्यांदा रॅमचं ट्रेनिंग करतो (तिच्याशी जुळवून घेतो), डीडीआर५ असेल तर अजून वेळ घेतो. मग लोगो आला आणि भावाने जी आरोळी मारली! विंडोजने बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावायची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली, ती दुसरीकडे लिहून ठेवली होती म्हणून निभावलं, तुमच्याकडे आहे का ते अपडेटच्या आधीच बघून घ्या.

प्रोग्रामरला पाचपैकी चार, एक मार्क व्होल्टेजसाठी कापला. क्लिपला दोनच, तिची लाल वायर एकाच वापरात सैल झाली. चांगल्या स्प्रिंगवाली वेगळी क्लिप मागवलीये, ती आली की ताईच्या लॅपटॉपचा डंप घेणार आहे, तो व्यवस्थित चालू आहे तेव्हाच.