गाडीतलं सेल्सिअस-फॅरेनहाइट: आठ महिने वापरल्यानंतर

सेकंडहँड गाडी ताब्यात घेतली तेव्हा एसीच्या पॅनलवर ७२ हा आकडा होता. आधीच्या मालकांनी फॅरेनहाइट ठेवलेलं. मला त्याचा त्रास झाला नाही, कारण गाडीत ७२ अंश सेल्सिअस असूच शकत नाही; माप वेगळं आहे हे बघताक्षणी कळतं. गोंधळ घालणारे आकडे वेगळेच असतात, हे कळायला मला पाच महिने लागले.

तरी सवय सेल्सिअसची, म्हणून पहिल्याच आठवड्यात बदलायला बसले. स्क्रीनवर सेटिंग, त्यात युनिट्स, त्यात तापमान. एक टिचकी आणि काम झालं असं वाटलं. मीटरवरचं बाहेरचं तापमान लगेच सेल्सिअसमध्ये आलं, पण एसीचं पॅनल आपलं ७२ धरूनच बसलेलं. गाडी बंद करून चालू केली, तरी तेच. शेवटी मॅन्युअल काढलं तेव्हा कळलं की माझ्या गाडीत एसीच्या पॅनलचं माप वेगळं बदलावं लागतं: इग्निशन चालू ठेवायचं, 'ऑफ' दाबून धरायचं आणि त्याच वेळी 'ऑटो' तीन सेकंद दाबायचं. आकडा लुकलुकला आणि २२ झाला. दुसऱ्या एखाद्या गाडीत हे सगळं मेनूतच असेल, कुठे अंतराच्या मैल-किलोमीटरसोबत तापमानही बदलत असेल. त्यामुळे आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघितल्याशिवाय बटणं दाबत बसू नका.

रोजच्या वापरात सेल्सिअस मला सोयीचं पडलं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फॅरेनहाइटमध्ये तापमान जास्त बारकाईने लावता येतं असं म्हणतात, ते माझ्या गाडीपुरतं तरी खरं नाही. इथे सेल्सिअस अर्ध्या अंशाने सरकतं आणि फॅरेनहाइट एका अंशाने. अर्धा अंश सेल्सिअस म्हणजे ०.९ अंश फॅरेनहाइट, म्हणजे फरक नसल्यातच जमा. ज्या गाडीत सेल्सिअस पूर्ण एका अंशाने सरकतं, तिथे मात्र ती तक्रार रास्त आहे. आकडेमोड करायचीच झाली तर मी एक सोपी रीत वापरते: सेल्सिअसची दुप्पट, त्यातून दुपटीचाच दहावा हिस्सा वजा, मग ३२ मिळवायचे. २२ चे ४४, त्यातून ४.४ गेले की ३९.६, आणि ३२ मिळवले की ७१.६. अजिबात डोकं चालवायचं नसेल तर ५० म्हणजे १०, ६८ म्हणजे २० आणि ८६ म्हणजे ३०, एवढं पाठ असलं तरी पुरतं.

आता पाचव्या महिन्याची गोष्ट. हिवाळा लागला होता. बॅटरी बदलून घेतली आणि गाडी तशीच उभी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे दादा ती घेऊन गेला. तासाभराने त्याचा फोन.

"अगं, तुझ्या गाडीचा सेन्सर गेलाय बघ. काचेवर दव गोठलेलं आणि हा बाहेर ३८ दाखवतोय. वर बर्फाचं चिन्हही पेटलंय."

सेन्सर अगदी ठणठणीत होता. बॅटरी काढल्यावर दोन्ही डिस्प्ले परत फॅरेनहाइटवर गेले होते, आणि मी ते पाहिलंच नव्हतं. ३८ अंश फॅरेनहाइट म्हणजे साधारण ३.३ अंश सेल्सिअस. बर्फाचं चिन्ह बरोबर होतं, आकडा बरोबर होता. दादाने मात्र आकडा चुकीचा समजून चिन्हावरही विश्वास ठेवला नाही. पुढे एका पुलावर मागचं चाक किंचित सरकलं, तेव्हा त्याने वेग उतरवला. सगळं निभावलं, पण तो फोन ठेवल्यावर माझे हात गार पडले होते.

हवा शून्याच्या वर असतानाच गाडी इशारा देते, याला कारण आहे. निरभ्र रात्री रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा जास्त थंड होतो, आणि पुलाला खालूनही गार हवा लागत असल्याने तो आधी गोठतो. म्हणून बऱ्याच गाड्यांत हा इशारा ३-४ अंश सेल्सिअसलाच येतो. फॅरेनहाइटमध्ये ते ३७ ते ३९ च्या आसपास पडतं. नेमके हेच आकडे सेल्सिअसवाल्या माणसाला कडक उन्हाळ्याचे वाटतात. ७२ ला कोणी फसत नाही. ३२ ला फसतो: एका मापात पाणी गोठतं, दुसऱ्यात घाम फुटतो.

माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. माझ्या मीटरवर आकड्यापुढे फक्त अंशाचं बारीक वर्तुळ आहे, सी नाही की एफ नाही. एका अक्षराची जागा त्या मीटरवर नक्की होती. १७४२ मध्ये अँडर्स सेल्सिअस यांनी आपलं माप मांडलं, तेव्हा पाणी उकळण्याला शून्य आणि गोठण्याला शंभर दिले होते. ते उलटं झालं नंतर. नुसता आकडा काहीच सांगत नाही, माप कळलं तरच त्याला अर्थ येतो. गाडी एकापेक्षा जास्त माणसं चालवत असतील तर हे आणखी महत्त्वाचं. बॅटरी काढल्यावर सेटिंग जातं ही दुसरी तक्रार, पण अक्षर असतं तर ती किरकोळ ठरली असती.

बाहेरच्या आकड्याबद्दल अजून एक. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर पुढच्या बंपरच्या मागे असतो. उन्हात उभी असलेली किंवा ट्रॅफिकमध्ये अडकलेली गाडी तापलेल्या रस्त्यामुळे आणि इंजिनच्या उष्णतेमुळे चार-पाच अंश जास्त दाखवते. वेग धरून काही मिनिटं गेली की आकडा ठिकाणावर येतो. मी सुरुवातीला हे युनिट बदलण्याच्या माथी मारत होते, ते चूक होतं.

ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीतला बिघाड तपासायच्या जोडणीला, स्कॅनर लावणाऱ्यांसाठी: कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान गाडी त्या पोर्टवर सेल्सिअसमध्येच देते, मीटरवर काहीही ठेवलेलं असो. ॲपमध्ये १९५ दिसलं तर घाबरू नका, ते ॲपचं फॅरेनहाइट आहे. सेल्सिअसमध्ये ते ९० च्या आसपास, म्हणजे इंजिन व्यवस्थित गरम झालंय. तसंच फोन जोडल्यावर स्क्रीनवर येणारं हवामान फोनच्या सेटिंगप्रमाणे चालतं. एकाच डॅशबोर्डवर दोन मापं दिसू शकतात, माझ्याकडे दोन दिवस तशी दिसत होती.

गाडी घेताना आता मी एवढं नक्की बघेन: आकड्यापुढे अक्षर आहे का, आणि मीटर व एसी एकाच जागेहून बदलतात का. सध्याच्या गाडीत मीटरच्या कडेला 'से.' लिहिलेली छोटी पांढरी पट्टी चिकटवली आहे. बॅटरीला हात लागला की मॅन्युअलचं दुमडलेलं पान उघडून दोन्ही डिस्प्ले तपासते, आणि मगच किल्ली दादाच्या हातात देते.