कूल स्पॉट : जाहिरातीतल्या लाल ठिपक्यासोबत काही महिने

सेगा मेगा ड्राइव्ह या जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलसाठी ‘कूल स्पॉट’चं जुनं कार्ट्रिज घेतलं त्याला आता बरेच महिने झाले. या काळात बाकीच्या गेम्स आलटून पालटून कपाटात गेल्या, ही मात्र अजून कन्सोललाच लावलेली आहे. शीतपेयाच्या जाहिरातीसाठी केलेली गेम इतकी टिकेल असं कुणाला वाटणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

स्पॉट म्हणजे सेव्हन अपच्या लोगोतला लाल ठिपका. त्याला हातपाय फुटले, बूट, हातमोजे आणि काळा गॉगल चढला आणि अमेरिकेत तो जाहिरातींचा हीरो झाला. आपल्याकडे सेव्हन अप म्हटलं की उभ्या केसांचा फिडो डिडो आठवतो. युरोपातही फिडोच होता, त्यामुळे तिथल्या आवृत्तीत सेव्हन अपचं नाव जवळजवळ पुसून टाकलं. गंमत अशी की नाव गेलं तरी खेळण्यातली मजा कणभरही कमी होत नाही. या गेमबद्दल याहून मोठी शाबासकी मला सुचत नाही.

मजा आहे ती हालचालीत. स्पॉट चालतो तोच तोऱ्यात. बटणाला हात न लावता नुसता उभा ठेवला तरी त्याचे काहीतरी चाळे चालू असतात. कोपऱ्यात त्याचं चित्र असतं, मार बसत गेला की ते सोलपटून लोंबायला लागतं. किती जीव उरलाय हे आकडा न वाचता कळतं. १९९३ साली व्हर्जिन गेम्सने ही गेम काढली, प्रोग्रॅमिंग डेव्हिड पेरी यांचं. त्याच वर्षी आलेली मेगा ड्राइव्हवरची ‘अलादीन’ही त्यांचीच, आणि पुढच्या वर्षीची ‘अर्थवर्म जिम’सुद्धा. तिन्ही लागोपाठ खेळून बघा, अ‍ॅनिमेशनमधला एकच हात ओळखू येतो.

खेळ सोपा आहे. आठही दिशांना सोड्याचे बुडबुडे मारायचे, विखुरलेले लाल ठिपके गोळा करायचे आणि पुरेसे जमले की पिंजऱ्यात अडकलेल्या भाईबंदाला सोडवायचं. किनाऱ्यावर खेकडे, भिंतीच्या पोकळीत उंदीर, मग खेळण्यांची खोली. ठिपक्याएवढ्या जिवाला जग कसं दिसेल याचा विचार प्रत्येक लेव्हलमध्ये केलाय. भिंतीच्या आतली लेव्हल मला सर्वांत आवडते. टॉमी टॅलरिको यांचं संगीतही झकास, मेगा ड्राइव्हमधून असा दणदणीत बेस क्वचितच ऐकू येतो.

खटकलं तेही सांगतो. सेव्ह करायची सोय नाही, पासवर्डही नाही. बसलात की एका दमात खेळा, नाहीतर पुन्हा किनाऱ्यापासून. बाटलीतल्या बोनस फेरीतलं अक्षर पकडलं तर कंटिन्यू, म्हणजे हरल्यावर पुढे खेळायची संधी मिळते, म्हणून तिथपर्यंत पोचण्यासाठी जास्तीचे ठिपके वेचायची सवय पहिल्याच लेव्हलपासून लावून घ्या. शेवटच्या काही लेव्हल्समध्ये वेळ फार कमी पडतो, आणि पडद्याबाहेर काय आहे ते न दिसताच उडी मारावी लागते. हे मला अन्यायाचं वाटतं.

लहान मुलांना द्यायची असेल तर सेटिंगमध्ये ‘ईझी’ निवडून द्या. पुढचा भाग, ‘स्पॉट गोज टू हॉलिवूड’, तिरक्या कोनातून दिसतो आणि उडीचा अंदाज सतत चुकतो. तो घेण्याची घाई करू नका.