हनुवटीची खळी: फिलर करावं का फॅट भरून घ्यावं, दोन्ही केल्यानंतर

माझ्या हनुवटीला जन्मापासून उभी खळी होती. ती भरायला मी आधी फिलर, म्हणजे जेलचं इंजेक्शन, केलं, आन दोन वर्षांनी पोटातली चरबी काढून तिथं भरून घेतली. आमच्या पाहुण्यारावळ्यात दोन्ही केलेला मी एकटाच, म्हणून आत्याच्या नातवाने परवा फोन केला, काका काय करू म्हणून. त्याला स्थळं बघायलेत आन पोराला प्रत्येक फोटोत आधी स्वतःची हनुवटीच दिसायली. त्याला जे फोनवर सांगितलं ते इथं सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, माझ्या चेहऱ्यावर जे झालं तेवढंच खात्रीने सांगू शकतो.

आधी कारणाचं बोलतो, कारण आमच्या घरात ह्याच्यावरून एका बाईला उगीच बोल लागला. आजी शेवटपर्यंत म्हणायची की १९८० च्या ग्रहणात सुनेने विळीवर भाजी चिरली म्हणून पोराची हनुवटी चिरली. ते १६ फेब्रुवारीचं सूर्यग्रहण, माझा जन्म ऑगस्टचा, म्हणजे मी पोटात होतो हे खरं. पण पोटातल्या बाळाचा खालचा जबडा दोन बाजूंनी येऊन मधोमध जुळतो तो पहिल्या दोन महिन्यांतच, ग्रहण लागलं तोवर माझी हनुवटी होऊन गेलती. आईने ते बोलणं वर्षानुवर्षं खाली मान घालून ऐकलं ह्याचं मला आजही वाईट वाटतं. जुळताना हाडात मधे खाच राहते, नाहीतर हनुवटीवरचा मेंटॅलिस नावाचा स्नायू दोन भागांत अलग राहतो आन मधली कातडी आत ओढल्यासारखी होते, एवढंच त्याचं कारण. येतं घराण्यातून. माझ्या वडिलांना होती, आजोबांच्या एकुलत्या एका फोटोत पण दिसते, तिकडं हॉलिवूडच्या कर्क डग्लसची खळी पोरगा मायकेलकडं आली तसंच हे. शाळेत एका प्रबळ जनुकाचं उदाहरण म्हणून खळी शिकवतात पण ते एवढं सरळ नाही, माझ्या बहिणीला नाही आन तिच्या पोराला आहे. आन हो, दुभंगलेला ओठ किंवा टाळू हा वेगळाच विषय, त्याला ऑपरेशन लागतंच. खळीला जन्मभर हात नाही लावला तरी काही बिघडत नाही.

मग मी का हात लावला तर दाढीमुळं. दिसण्याचं मला फारसं काही नव्हतं, बायकोला तर ती खळी आवडायची. पण माझी खळी खालच्या टोकाला तुरीचा दाणा बसेल एवढी खोल, ब्लेड वरनं सरळ निघून जायचं आन आतले केस तसेच राहायचे. ते काढायला कातडी दोन बोटांनी ताणायची तर खळीच्या दोन्ही काठांना कापायचं, रोज त्याच दोन जागी, आमच्याकडं बोअरचं जड पाणी, फेस धड होत नाही, झाला तरी लगेच वाळतो. आत राहिलेले केस समोरासमोरच्या कातडीत घुसून फोड यायचे, आन मे महिन्यात परभणीच्या उन्हात घाम तिथंच साचून ती रेघ सगळी लाल. दाढी वाढवून बघितली, वरनं झाकतं पण आतली आग तीच. चाळिशीजवळ आलो तशी खळी अजून खोल वाटायला लागली, डॉक्टर म्हणाले वयानं चेहऱ्याची चरबी उतरते तसं होतं. तेव्हा ठरवलं.

फिलर म्हणजे हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं जेल, सुईने किंवा बोथट तोंडाच्या बारीक नळीने, म्हणजे कॅन्युलाने, खळीत भरतात. सकाळची मराठवाडा एक्सप्रेस धरून संभाजीनगरला गेलो, वीस मिनिटांत काम झालं, १ मिलिलिटरला २२ हजार दिले आन रात्री घरी. दोन दिवस सूज, एका बाजूला निळसर डाग, तिसऱ्या दिवशी दाढी केली तर ब्लेड सरळ खाली आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. फिलरचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे नाही आवडलं तर हायलुरोनिडेज नावाच्या इंजेक्शनने ते विरघळवता येतं, त्यामुळं ज्याचं मन अजून डळमळीत आहे त्याला ते सोयीचंच, हे मी नाकारत नाही.

पण ते टिकत नाही आन जाताना एकसारखं जात नाही. डॉक्टर वर्ष-दीड वर्ष म्हणाले होते. माझ्याकडं मोजायचं यंत्र नाही, दाढी हेच माझं मोजमाप. नवव्या महिन्यात खळीच्या अगदी खालच्या टोकाला दोन केस राहायला लागले, अकराव्यात सहा-सात, वरची बाजू भरलेली आन खाली परत खड्डा, म्हणजे पहिल्यापेक्षा विचित्र. परत गेलो, परत २२ हजार. ह्यावेळी दुसरीकडं गेलो, तिथं जेल कातडीच्या अगदी वरच्या थरात भरलं, तर उन्हात तिथं निळसर रेघ दिसायची, ती विरघळवायला वेगळी फेरी. पैशाचं एक वेळ सोडा, पण दर वर्षी ते दोन केस कधी दिसतात म्हणून आरशात बघत बसायचं, ह्याला मी कंटाळलो. माझ्यापुरता फिलरचा निकाल तिथंच लागला. वर्षातून एकदा जाणं ज्याला जड नाही, जो शहरातच राहतो, त्याला कदाचित हे एवढं खुपणार नाही.

मग फॅट ग्राफ्टिंग. बेंबीच्या खालून थोडी चरबी ओढून घेतात, मशीनमध्ये फिरवून रक्त-पाणी वेगळं करतात आन बोथट कॅन्युलाने भरतात. माझी कातडी आत चिकटलेली होती म्हणून भरायच्या आधी सुईने ती आतून सोडवली, त्याला सबसिजन म्हणतात, मला वाटतं निम्मा फरक त्यानेच पडला. ह्याचा त्रास फिलरपेक्षा जास्त, खोटं कशाला सांगू. पोट आठवडाभर मार बसल्यासारखं दुखलं, हनुवटी दोन आठवडे सुजलेली, दुकानात गिऱ्हाईक विचारायचं दाढ काढली का म्हणून. खर्च ७० हजार. आन भरलेली सगळी चरबी जगत नाही, काही भाग शरीर शोषून घेतं, म्हणून थोडी जास्त भरतात. पहिल्या दोन महिन्यांत ती उतरायली हे बघून माझा जीव खालीवर झाला. तीन-चार महिन्यांनी जी राहिली ती राहिली. आज तीन वर्षं होत आली, खळीची हलकी सावली आहे, बायको म्हणते तेवढी बरी दिसते, आन ब्लेड वरपासून खालपर्यंत एका ओढीत येतं. एक लक्षात ठेवा, ती जिवंत चरबी आहे, माझं वजन चार किलो वाढलं तर हनुवटीही जरा भरली, परत कमी केलं तशी ती पण उतरली.

बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करायच्या इंजेक्शनचं, लोक विचारतात. आरशासमोर बसा, चेहरा सैल सोडा, मग खालचा ओठ वर ढकला. फक्त तेव्हाच खळी दिसत असेल किंवा हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे पडत असतील तर स्नायू सैल करून उपयोग होतो, तोही तीन-चार महिने. एरवी गप्प बसल्यावरही खळी खोल असेल तर त्यात पैसे घालू नका. आत कृत्रिम तुकडा बसवायचं इम्प्लांट किंवा हाड कापून करायची जिनिओप्लास्टी ही हनुवटीच आत गेलेली असेल तर ठीक, नुसत्या खळीसाठी इन्फेक्शन आन ओठाच्या बधिरपणाची जोखीम मला तरी जास्त वाटते. काही पोरं उलट खळी पाडून घ्यायलेत म्हणे, त्यांनी एकदा माझ्यासारखी दाढी करून बघावी आन मग ठरवावं.

कुठलंही करा पण पार्लरमध्ये सुई टोचून घेऊ नका. फिलर रक्तवाहिनीत गेलं तर कातडी पांढरी किंवा काळीनिळी पडते, जोराचं दुखतं, तेव्हा लगेच ते विरघळवायचं इंजेक्शन हाताशी लागतं. प्लास्टिक सर्जन किंवा स्किनच्या डॉक्टरला आधीच विचारा की ते तुमच्याकडं आत्ता आहे का, ह्या प्रश्नाचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. कायमचं म्हणून सिलिकॉनचं लिक्विड कोणी टोचायला निघालं तर उठून या.

पोरगं म्हणालं काका, आधी फिलर करून बघतो, घरचे लग्न दिवाळीनंतर करायचं म्हणतायत. म्हटलं बघ, त्यात चूक काही नाही, फक्त तारखेच्या महिनाभर आधी कर, सूज उतरायला वेळ दे आन एकदम जास्त भरून घेऊ नको. चरबीचं करायचं तर चार महिने हातात पाहिजेत, म्हणजे ते आत्ताच ठरवावं लागेल, हेही सांगितलं. मग म्हटलं सकाळी दाढी झाली की हनुवटीचा जवळून व्हिडिओ काढून पाठव. आला काल. उजेड चांगला होता, मी सरळ खळीच्या खालच्या टोकाकडं बघितलं, तिथं चार केस तसेच राहिले होते.