पोर्ट फॉरवर्डिंग चालेना: स्थिर आयपी घ्यावा की टेलस्केल?
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील कारखान्याचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) घरून पाहायचा असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगचे, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी आतल्या उपकरणाकडे वळवण्याचे, नियम लिहिण्याआधी तेथील राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असल्यास इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, आणि मग राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी बाहेरून आलेली जोडणी आत पोहोचत नाही. १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास बहुधा पुढच्या मोडेमला ब्रिज मोडवर (मोडेममधील राउटरचे काम बंद करून) टाकून पाहावे.

स्थिर सार्वजनिक आयपी घेतला की जुना डीव्हीआरही जसाच्या तसा चालतो. मात्र त्याचे सहसा वेगळे शुल्क पडते आणि उघडे पोर्ट जगभरातून सतत चाचपले जाते. ‘१२३४५६’ हा पासवर्ड ठेवणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये.

टेलस्केल या खासगी जाळे (व्हीपीएन) जोडणाऱ्या सेवेमध्ये दोन्ही टोकांची उपकरणे स्वतःहून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे पोर्ट उघडावे लागत नाही. घरच्याच मंडळींना पाहायचे असेल तर मी हेच सुचवेन. डीव्हीआरवर ते बसत नसल्यास कारखान्यात एखादा संगणक किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक कायम चालू ठेवून त्याला सबनेट राउटर (टेलस्केलमधून डीव्हीआरपर्यंत वाट देणारा दुवा) करावे लागते, आणि पाहणाऱ्या प्रत्येक मोबाइलवर अ‍ॅप लागते.